कै. म्हणजे कॅप्टन

काकू गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी त्यांची पोस्ट आली.

मी आणि माझा सहकारी लखनौच्या कडेला असलेल्या चिनहटच्या पाळणाघराच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. त्या खोलीला आम्ही ऑफिस म्हणायचो. त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला. संस्थेच्या पेजवर लिहिलं होतं: "चश्मा कहीं रखकर भूल गई हूँ। किसी बच्चे ने उठाया हो तो लौटा दे।"

आत मुलं जेवत होती. ताटल्यांवर चमचे वाजत होते. मी उठून मधलं दार लावून घेतलं. का लावलं ते मला आजही सांगता येणार नाही.

या काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माझे बाबा मानक नगरला रेल्वेत इंजिनियर होते, काकूंचे यजमान, म्हणजे काकाही तिथेच. आमची दोन घरं एकाच स्टाफ कॉलनीत, मध्ये एक जिना. काकू शहरातल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. माझं लहानपण या दोन घरांमधल्या पत्रकांवर गेलं. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून गठ्ठ्याने यायची. आई आणि काकू ती हिंदीत करायच्या, बाबा छापून आणायचे आणि रविवारी आम्ही ती बाजारात वाटायला जायचो. मी कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं पहिलं हिंदी वाक्य "भूत किसने देखा है?" हे होतं. त्याखाली जाड टायपात उत्तर होतं: "किसी ने नहीं।" ते काकूंनी लिहिलं होतं.

बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव-गाव असायलाच पाहिजे. "ज्याला भांडायचंय त्याला आपलं दार माहीत हवं," ते म्हणायचे. खरोखरच लोक भांडायला यायचे. आई त्यांना चहा द्यायची आणि मग बाबा त्यांच्याशी भांडायचे.

निवृत्तीनंतर काकूंनी चिनहटला पाळणाघर काढलं. फैजाबाद रोडच्या बाजूच्या कारखान्यांत पॅकिंगला, शिलाईला जाणाऱ्या बायकांची मुलं तिथे दिवसभर राहायची. मी एम. ए. झाले आणि त्या संस्थेत लागले. पगार कमी, मतं भरपूर. माझं काम म्हणजे महिन्याचं ईमेल वार्तापत्र लिहायचं आणि सोशल मीडियावरचं पेज चालतं ठेवायचं. पेज काकूंनी स्वतःच्या खात्यावरून उघडलं होतं, त्यामुळे त्याची किल्ली एकट्या त्यांच्याकडे होती. मी लिहून पाठवायचे, त्या टाकायच्या. त्या काळात आजूबाजूच्या सगळ्या संस्था रडणाऱ्या मुलांचे फोटो टाकत होत्या. नाकातून वाहणारं, डोळे मोठे केलेलं, कॅमेऱ्याकडे बघणारं मूल. अशा फोटोला लोक धावून येतात हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तसला एकही फोटो दिला नाही. मूल म्हणजे भीक मागायचा वाडगा नव्हे, हे मी विश्वस्तांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. काकू नुसत्या हसल्या होत्या. मग म्हणाल्या, "फोटो नको तर मग मी दर सोमवारी दोन ओळी लिहीन. त्यात कोणी रडणार नाही."

त्या दोन ओळीच सगळ्यात जास्त वाचल्या जायच्या. माझे आवेशाने लिहिलेले लेख लोक उघडून बंद करायचे. काकूंनी लिहावं, "आज पानी गिर रहा है, बच्चे खिड़की से हटते नहीं", की खाली प्रतिसादांची रांग. काकू मूळच्या नागपूरच्या. लखनौत पाऊस 'बरसतो', त्यांचं पाणी शेवटपर्यंत 'गिर'त राहिलं. माझा सहकारी अस्सल लखनौचा, लष्करी छावणीच्या बाजूला वाढलेला. वार्तापत्राची मांडणी आणि इंग्रजी आवृत्ती तो करायचा. तो त्यांना चिडवायचा, "मैडम, पानी किसके हाथ से गिरा? बताइए, पोंछवा दें।"

उन्हाळ्यात मीच काकूंना शिकवलं होतं की पोस्ट आधी लिहून ठेवता येते, वार-वेळ घालून ठेवली की ती आपोआप जाते. त्यांनी विचारलं होतं, "किती पुढचं ठेवता येतं गं?"

"सहा महिन्यांपर्यंत."

"पुरे," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा त्या 'पुरे'चा अर्थ कळला नाही. त्यांना काय झालंय हे फक्त काकांना माहीत होतं. भादों, म्हणजे भाद्रपद, संपता संपता त्या गेल्या. देह मेडिकल कॉलेजला दिला. स्मशान नाही, तेरावं नाही, हार घातलेला फोटो नाही, सभा नाही. सगळं त्यांनीच ठरवून ठेवलेलं. आम्ही चार घरं जमलो, काकांनी सगळ्यांना चहा केला आणि आम्ही परत आलो. लखनौसारख्या शहरात एक माणूस असा आवाज न करता निघून जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणजे चष्म्याच्या पोस्टचा उलगडा मला पाच मिनिटांत झाला होता. मी सहकाऱ्याला सांगितलं, "लिखकर रखी थी। मैंने ही सिखाया था।" तो म्हणाला, "हाँ हाँ, वही होगा।" आणि तरी आम्ही दोघंही त्या दिवशी जमिनीकडे बघून चालत होतो, पायाखाली चष्मा येईल म्हणून. चष्मा काका-काकूंच्या गोमती नगरच्या घरी, टीव्हीजवळच्या डबीत होता. मी स्वतः पाहिला होता.

त्या महिन्याचं वार्तापत्र निघायचं होतं. काकांनी बजावलं होतं की श्रद्धांजली वगैरे काही छापायचं नाही. मला ते पटत होतं, पण लोकांपासून लपवणंही पटत नव्हतं. मग मी मधला मार्ग काढला. वार्तापत्राच्या माथ्यावर संस्थापक म्हणून काकूंचं नाव असायचं. त्याच्या आधी मी फक्त 'कै.' एवढं घातलं. आमच्याकडे तेवढं पुरतं. लग्नपत्रिकेत, शाळेच्या भिंतीवरच्या फरशीवर, ढाल-करंडकावर, कुठेही ते एक अक्षर दिसलं की मराठी माणूस मनातल्या मनात मान खाली घालतो आणि पुढे वाचतो. मला वाटलं, किती सभ्य, किती कमी शब्दांत काम झालं.

वार्तापत्र गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तरं यायला लागली. "कैप्टन साहिबा, जय हिंद!" "मैडम, आपने कभी बताया नहीं कि फ़ौज में थीं।" बाराबंकीच्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं होतं की कोणत्या तुकडीत होतात. मी घाईघाईने अंक उघडला. माथ्यावर काकूंच्या नावाआधी ठळक अक्षरांत 'कैप्टन' होतं. इंग्रजीतही तेच.

"ये कैप्टन कौन है?" मी ओरडले.

"मैडम। आपने ही तो लिखा था।"

"मैंने कै. लिखा था!"

"हाँ तो, कै. माने कैप्टन। हमारी तरफ़ आधे फाटकों पर लिखा है। कै. फलाँ, मे. फलाँ, ले. कर्नल फलाँ। मैंने सोचा पहले रही होंगी फ़ौज में, अब जाने के बाद आप लोग सम्मान से लिखवा रहे हैं। चलती भी तो वैसे ही थीं, सीधी।"

"कै. माने कैलासवासी।"

"कैलास में रहती थीं?"

"मर गईं, यार! कै. माने मर गईं!"

त्याने हातातला माऊस बाजूला सरकवला. मग अगदी अदबीने म्हणाला, "बुरा मत मानिएगा, पर आप लोग आदमी को एक अक्षर में निपटा देते हैं?"

मी हसले आणि त्याच क्षणी मला थंडी वाजली. कारण आता परिस्थिती अशी होती की आमच्या शेकडो वाचकांच्या लेखी काकू जिवंत होत्या. नुसत्या जिवंत नव्हत्या, त्यांना बढती मिळाली होती. आणि दर सोमवारी त्या बोलत होत्या.

मी त्याच दुपारी गोमती नगरला काकांकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जेवणाच्या टेबलावर काकूंचा लॅपटॉप बंद करून ठेवलेला, त्यावर त्यांनीच विणलेला क्रोशाचा रुमाल. पेजची किल्ली त्या लॅपटॉपमध्ये होती.

"काका, लोकांना सांगायला हवं."

"काय सांगायचं?"

"काकू गेल्या म्हणून."

"ते तू एका अक्षरात सांगितलंस ना?" ते म्हणाले आणि हसले. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच.

"चेष्टा नको काका. पेज माझ्या हातात द्या. पुढच्या पोस्टा थांबवते, एक साधं निवेदन टाकते."

"त्याला हात लावायचा नाही."

"पण हे खोटं आहे!"

"यातला एक शब्द खोटा दाखव मला. चष्मा ती हरवायचीच."

"लोकांना वाटतंय त्या आहेत."

"वाटू दे की. सोमवारी सकाळी तासभर मलाही वाटतं." ते उठले, रुमाल सरळ केला. "हे बघ बाळ, तू एकदा सांगितलंस की खाली हात जोडलेली चित्रं येणार, फुलं येणार. पुढच्या सोमवारी ती पुन्हा बोलली की लोक दचकणार. मग कुणीतरी म्हणणार, बरं दिसत नाही, बंद करा. आणि तुम्ही बंद कराल. मला माहीत आहे."

"किती आहेत अजून?"

"बघितलं नाही. बघणारही नाही. किती उरलंय ते कळलं की ते संपायला लागतं."

मी बरंच काही बोलले. मृत माणसाच्या तोंडून संस्थेने बोलणं हा वाचकांचा विश्वासघात आहे, उद्या कोणी काही विचारलं तर जबाबदार कोण, वगैरे. सगळं बरोबर होतं. काका ऐकत होते, त्यांचा एक हात त्या रुमालावर होता. मी निघताना ते म्हणाले, "सहा महिने फार नसतात गं. होळीपर्यंत थांब." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आणि पोस्टा येत राहिल्या.

दिवाळी गेली, धुकं पडायला लागलं. काका दर सोमवारी चिनहटला यायला लागले. स्वतःच्या फोनवर पोस्ट वाचायला त्यांना आवडत नसे. ऑफिसात बसून, आतून मुलांचे आवाज येत असताना ते ती वाचत.

"आज एक बच्चा कम लग रहा है।" ही पोस्ट आली तेव्हा मी आत जाऊन मुलं मोजली. एक कमी होतं. पुन्हा मोजली. कमीच. सोमवारी नेहमीच एखादं मूल कमी असतं, रविवारच्या सुट्टीत कुणीतरी आजारी पडतंच, आणि काकूंना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी मी त्या मुलाच्या आईला कारखान्यात फोन करून विचारलं. तिच्या मुकादमाने मला झापलं. मूल आत्याकडे मजेत होतं.

दुसऱ्या एका सोमवारी: "खिड़की के पास वाली कुर्सी पर बैठी हूँ। यहाँ से सब दिखते हैं।" आतल्या खोलीत खिडकीजवळ एक वेताची खुर्ची होती, काकूंचीच. त्या गेल्यापासून तिथे कुणी बसलं नव्हतं. कुणी ठरवून नव्हे, पण बसलं नव्हतं. पोस्ट वाचून आमच्या दोन्ही आया त्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने मुलांना तिथून लांब सरकवलं. मला संताप आला. 'भूत किसने देखा है' वाटत मोठी झालेली मी, माझ्याच संस्थेत हे चालू देणार? मी तरातरा गेले आणि खुर्चीत बसले. सगळ्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची उबदार होती.

खिडकीतून ऊन येत होतं, उबदार असणारच. धुक्यातून त्या दिवशी पहिल्यांदा ऊन आलं होतं. मी हे कारण स्वतःला नीट समजावून सांगितलं, मग उठले. पुन्हा त्या खुर्चीत बसले नाही.

कानपूरच्या एक निवृत्त शिक्षिका वार्तापत्राला नेहमी उत्तर द्यायच्या. त्यांनी लिहिलं की मी कैप्टन साहिबांना दर सोमवारी वाचते, मुलांसाठी स्वेटर विणलेत, एक दिवस घेऊन येईन. मी उत्तराचे तीन मसुदे केले आणि एकही पाठवला नाही. काकांना दिलेला आणि न दिलेला शब्द मध्ये येत होता.

त्या आल्या त्याही सोमवारीच. धुकं इतकं की फाटकापलीकडची रिक्षा दिसत नव्हती, फक्त तिच्या दिव्याचा पिवळा डाग दिसत होता. त्या धुक्यातून एक ठेंगण्या, शाल पांघरलेल्या बाई आल्या, हातात मोठी पिशवी. मी आणि सहकारी फाटकाशी गेलो. काका मागे ऑफिसच्या पायरीवर उभे होते.

"कैप्टन साहिबा से मिलना है। कानपुर से आई हूँ, बताया नहीं था, सोचा चौंका दूँगी।"

सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला. माझ्या खिशातलाही. त्यांनी हसत फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मोठ्याने वाचलं:

"सुबह से मुँडेर पर कौआ बोल रहा है। देखें, आज कौन आता है।"

त्यांनी आनंदाने टाळीच वाजवली. "लीजिए! हम चौंकाने आए थे, इन्हें तो पहले से ख़बर है!" माझ्या खांद्यावरून त्या आत बघायला लागल्या. "अंदर हैं ना?"

मी कठड्याकडे पाहिलं. धुक्यात कठडाच दिसत नव्हता.

"आंटी जी," मी म्हटलं, "वो नहीं रहीं।"

"कहाँ नहीं रहीं?"

"गुज़र गईं। भादों में।"

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बिटिया, ऐसा मज़ाक नहीं करते। अभी तो लिखा है। एक मिनट नहीं हुआ।"

"पहले से लिखा हुआ था, आंटी जी। वो..."

"भादों में लिख दिया कि आज मैं आऊँगी?" त्यांचा आवाज बदलला. "तो ये लिख कौन रहा है?"

मागून काका शांतपणे म्हणाले, "वही लिख रही है।"

मी आयुष्यात खूप घाबरलेली माणसं पाहिलेली नाहीत. त्या बाईंचा चेहरा मात्र मी विसरू शकत नाही. भीती आधी त्यांच्या हातात आली. फोन त्यांनी शरीरापासून लांब धरला, जसं पेटतं काहीतरी धरावं तसा, आणि मग वाकून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवला. पदर डोक्यावर घेतला. ओठ हलत होते. काका पायरी उतरून "सुनिए, बहनजी" म्हणत पुढे आले, तशा त्या मागे सरकल्या. काका पांढऱ्या शालीत होते, मागे पांढरं धुकं. त्यांना काय दिसलं असेल ते मला आता कळतं. सहकाऱ्याने पळत जाऊन त्यांचा फोन रिक्षात त्यांच्या हातात दिला. पिशवी फाटकाशीच राहिली. पिवळा डाग हलला, लहान झाला, गेला.

काका खूप वेळ फाटकाशी उभे होते.

"त्या मला घाबरल्या की हिला?" त्यांनी मराठीत विचारलं.

मी फाटकाशी राहिलेली पिशवी उचलून घेतली.

"जन्मभर हिने लोकांना सांगितलं की मेलेलं माणूस येत नाही, बोलत नाही. उन्हातान्हात उभी राहून सांगितलं. शिव्या खाल्ल्या." त्यांनी शाल काढून हातावर घेतली, एवढ्या थंडीत. "आणि मी तिचं भूत केलं गं. तिच्याच दारात."

"आपण सगळ्यांनी, काका."

"नाही. तू सांगत होतीस. चल."

त्याच दुपारी त्यांनी रुमाल उचलून बाजूला ठेवला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. उघडण्याआधी म्हणाले, "एक कर. सगळं सांग लोकांना, पण तिचं काढू नकोस. आणि मोजू नकोस." पेज उघडलं की वरच्या कोपऱ्यात किती पोस्टा रांगेत आहेत तो आकडा येतो. मी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर डावा तळवा ठेवला आणि उजव्या हाताने लिहिलं. काका मराठीत सांगत होते, मी हिंदीत करत होते, लहानपणी आई आणि काकू करायच्या तसं. माझा डावा हात अवघडला. पडदा गरम होता. तळव्याखाली त्या पोस्टा होत्या, न आलेले सोमवार, आणि मला सारखं वाटत होतं की हात उचलला तर काहीतरी उडून जाईल.

"इस पेज पर हर सोमवार जो लिखती हैं, वे भादों में गुज़र चुकी हैं। बीमारी में वे आगे का लिखकर रख गई थीं। जब तक है, आता रहेगा। किसी को कुछ पूछना हो तो मुझसे पूछे। मैं उनका पति हूँ।" खाली काकांनी स्वतःचं नाव आणि घराचा पत्ता घालायला लावला. ते पेजच्या अगदी वर, कायम दिसेल असं लावलं. तोच मजकूर वार्तापत्रातही. माथ्यावरचं कैप्टन काढताना सहकारी म्हणाला, "इस बार पूरा लिखिएगा। एक अक्षर मत बचाइएगा।"

काका म्हणाले होते तसंच झालं. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. काहींनी यादीतून नाव काढायला सांगितलं. एका गृहस्थांनी लिहिलं की ही लहान मुलांची जागा आहे, असल्या गोष्टी ताबडतोब बंद करा. त्यांना काकांनी स्वतः उत्तर दिलं: घरी या, चहा पिऊ, मग ठरवू. ते आले नाहीत. पुढच्या सोमवारी काकूंनी लिहिलं, "मटर छीलने बैठे थे। आधे मटर बच्चे खा गए, आधे मैं।" आणि खाली लोक पुन्हा लिहायला लागले, आधी बिचकत, मग सरळ. कानपूरच्या बाईंनी पुन्हा कधी उत्तर दिलं नाही. पण वार्तापत्र कुणी उघडलं ते आम्हाला दिसायचं. त्या प्रत्येक अंक उघडत होत्या. त्यांचे स्वेटर मुलांच्या अंगावर होते.

खरं सांगून टाकल्यावर भीती जाईल असं मला वाटलं होतं. पत्रकांनी मला तेच शिकवलं होतं, उजेड पाडला की संपतं. तसं झालं नाही. आता सगळ्यांनाच माहीत होतं आणि सगळेच सोमवारी थोडं हळू बोलायचे.

होळी आठवड्यावर आली असताना ही पोस्ट आली: "कल टंकी साफ़ होगी। बच्चों के साथ पीने का पानी घर से भेजिए।"

मी वाचली, काकांनी वाचली. आम्हाला त्यात काही वाटलं नाही. काका तर जरा निराशच झाले. "आज सूचनाच आहे नुसती," म्हणाले.

मंगळवारी सकाळी मुलं आली ती पाण्याच्या बाटल्या घेऊन. थंड पेयांच्या जुन्या बाटल्या, दोरी बांधलेल्या, झाकणाऐवजी कापडाचे बोळे लावलेल्या. एकामागून एक. मी फाटकाशी एका आईला थांबवलं. तिला कामावर जायची घाई होती.

"दीदी, ये पानी किसलिए?"

"मैडम ने लिखा था ना, टंकी साफ़ होगी।"

"दीदी, मैडम तो..."

"हाँ हाँ, मालूम है," ती चालता चालता म्हणाली. "पर लिखा तो था।"

आमच्यापैकी कुणीच टाकी साफ करायला कुणाला सांगितलं नव्हतं. सहकारी म्हणाला, "अब?" काकांना मी फोन केला. ते तासाभरात आले, येताना टाकी धुणाऱ्या माणसाला रिक्षात घालूनच आले.

तो माणूस शिडीने गच्चीवर चढला. काका शिडी धरून उभे. झाकण सरकवल्याचा आवाज आला. मग त्याने वरून विचारलं, "पानी पी तो नहीं रहे थे आप लोग?"

टाकीत कबुतर होतं. झाकण एका बाजूने उचकटलं होतं, कधीपासून कोण जाणे. आठवडाभर मुलांची पोटं बिघडत होती आणि मी ऋतू बदलतोय म्हणून मोकळी झाले होते. काकू दरवर्षी होळीआधी टाकी धुवून घ्यायच्या. त्या नव्हत्या म्हणून या वर्षी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि त्या नसतील तर कुणाच्या ध्यानात येणार नाही हे त्यांना पावसाळ्यातच माहीत होतं. यात न समजण्यासारखं काही नाही. मी त्या गच्चीवर उभी होते, नळातून काळं पाणी अंगणात येत होतं, आणि माझ्या अंगावरचा काटा जात नव्हता.

त्या माणसाने ते कबुतर पोत्यात गुंडाळून खाली आणलं. हात धुताना काकांना म्हणाला, "बड़े मौके से बुलाया बाबूजी। किसने बताया आपको?"

"घरवाली ने," काका म्हणाले.

"कह दीजिएगा उनसे, बच्चे बच गए।"

"कह दूँगा।"

पुढच्या सोमवारी पेजवर काही आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका आले, ऑफिसात बसले, फोन समोर ठेवला. आम्ही तिघंही आपापल्या कामात असल्यासारखं करत होतो. मुलांची जेवणं झाली, ताटल्या गोळा झाल्या. मग काका उठले आणि आतल्या दारात जाऊन उभे राहिले.

"पाणी प्यायली का सगळी?" त्यांनी विचारलं.